औषध तेच, अनुपान वेगळे

मराठीतील ‘भूल’ हा शब्द मोठा बहुरूपी आहे. रानात वाट चुकली की भूल पडते, सौंदर्याची भूल पडते, हातून घडलेल्या चुकीलाही आपण भूल म्हणतो. आणि शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णास देतात तीही भूलच. क्लोरोफॉर्म हुंगवून माणसाला बेशुद्ध करीत असत त्या काळात हा शब्द चपखल होता. परंतु पाठीत ‘एपिड्युरल’ इंजेक्शन घेतलेली प्रसूत होणारी स्त्री आज पूर्ण जागी असते. ती बोलते, ऐकते, आपल्या बाळाचे पहिले रडणे स्वतःच्या कानांनी ऐकते. तिला कसलीही भूल पडलेली नसते. तिच्या शरीराचा ठरावीक भाग तेवढा बधिर झालेला असतो. ‘बधिर’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ‘बहिरा’. मज्जातंतूंनी मारलेली वेदनेची हाक मेंदूपर्यंत पोहोचत नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे हा शब्द किती नेमका आहे ते कळते.

या विषयावर एका वाचक भगिनींनी पत्र पाठवून फार मार्मिक प्रश्न विचारला आहे. दाढ काढताना हिरडीत टोचतात ते औषध आणि सूनबाईंच्या पाठीत दिले ते औषध एकाच घराण्यातले, असे त्यांना डॉक्टरांनी सांगितले. मग एकाचा अंमल तासाभरात ओसरतो आणि दुसऱ्याचा कितीतरी तास टिकतो, हे कसे? पाठीत दिलेले औषध शेवटी जाते कोठे? ते बाळाच्या अंगात उतरते काय? प्रस्तुत लेखक भाषेचा शिक्षक आहे, वैद्य नव्हे. यास्तव कोणास कोणते औषध घ्यावे हे सांगण्याचा त्याला अधिकार नाही. परंतु या प्रश्नामागील शास्त्र समजून घेण्यास अडचण नाही.

आपल्या घरांतून वैद्यांची मात्रा देण्याची जुनी चाल आहे. मात्रा एकच, पण ती मधातून द्यावी, तुपातून द्यावी की आल्याच्या रसातून द्यावी, हे वैद्य बजावून सांगत. यालाच आपण अनुपान म्हणतो. आधुनिक बधिरीकरणाच्या शास्त्रातही, निराळ्या अर्थाने का होईना, अनुपानाचे महत्त्व तितकेच आहे. बाटलीतील मुख्य औषध कोणते, एवढ्यानेच त्याचा गुण ठरत नाही. ते कशात विरघळविले आहे, किती तीव्र आहे, त्याच्या जोडीला काय घातले आहे, यावर ते मज्जातंतूत किती मुरेल आणि रक्तात किती वेगाने उतरेल हे अवलंबून असते. रुग्णाचे सुख आणि रुग्णाचा धोका ही दोन्ही या एका गोष्टीशी निगडित आहेत.

प्रथम जागा पाहू. पाठीच्या मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. त्याच्याभोवती पाण्यासारखा द्रव असतो आणि त्या द्रवासकट त्याला वेढणारे एक जाड आवरण असते. त्याचे नाव ‘ड्युरा’. या आवरणाच्या बाहेर आणि मणक्यांच्या आत जी चिंचोळी जागा उरते ती एपिड्युरल जागा. ‘एपि’ या ग्रीक उपसर्गाचा अर्थ ‘वर’ किंवा ‘बाहेर’. ही जागा रिकामी नसते. तीत चरबी असते, झडपा नसलेल्या शिरांचे दाट जाळे असते आणि त्यातूनच मज्जातंतूंची मुळे बाहेर पडतात. सिझेरियनच्या वेळी पुष्कळदा देतात ते ‘स्पायनल’ इंजेक्शन याहून निराळे. त्यात सुई आवरण भेदून थेट आतील द्रवात जाते, म्हणून दोन-तीन मिलिलिटर औषध पुरते. एपिड्युरलमध्ये औषध आवरणाबाहेर राहते. शस्त्रक्रियेपुरती बधिरता हवी असेल तर त्याला पंधरा-वीस मिलिलिटरही लागतात. जेथे औषध अधिक, तेथे ते रक्तात किती उतरेल याची चिंताही अधिक.

या विद्येचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. १८८४ साली व्हिएन्ना येथे कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखविला. १८९८ साली जर्मनीत ऑगस्ट बीअर यांनी कोकेन मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात दिले. १९०१ साली पॅरिसमध्ये सिकार आणि काथलां यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, माकडहाडाच्या बाजूने एपिड्युरल जागा गाठली. कमरेतून तेथे पोहोचण्याचा मार्ग फिडेल पाजेस या स्पॅनिश लष्करी शल्यवैद्याने १९२१ साली प्रसिद्ध केला. दुर्दैवाने दोनच वर्षांनी मोटार-अपघातात त्याचा अंत झाला. पुढे इटलीतील दोलिओत्ती यांनी ही पद्धत रूढ केली.

आता औषधाचा प्रवास. एपिड्युरल जागेत पडलेल्या औषधापुढे तीन वाटा असतात. काही अंश मज्जातंतूंच्या मुळांत शिरतो. हेच आपल्याला हवे असते. काही अंश तेथील चरबीत मुरून बसतो. आणि उरलेला शिरांच्या जाळ्यातून रक्तात ओढला जातो. बधिरता ओसरते ती औषध त्या जागी नष्ट होते म्हणून नव्हे, तर रक्त ते हळूहळू वाहून नेते म्हणून. म्हणजे रक्ताने औषध नेणे अटळ आहे. प्रश्न एवढाच, की ते किती वेगाने न्यावे. वेग संथ असेल तर तंतूंना पुरेसा काळ औषध मिळते आणि यकृताला ते निकामी करण्यास सवड मिळते. वेग फार असेल तर बधिरता लवकर ओसरते आणि मेंदू व हृदय यांच्यावर नको तो आघात होतो.

हा वेग मोजणे वाटते तितके सोपे नाही. शाळेत आपण सर्वांनी हौदाचे गणित सोडविले आहे : एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो. रक्ताचेही तसेच आहे. एकीकडे पाठीतून औषध येत असते, दुसरीकडे यकृत ते काढून टाकीत असते. केवळ रक्तातील पातळी पाहून भरणाऱ्या नळाचा वेग कसा कळावा? नेदर्लंड्समधील लायडन येथील संशोधकांनी १९८० च्या दशकात यावर नामी तोड काढली. त्यांनी साधे औषध एपिड्युरल जागेत दिले आणि त्याच वेळी, हायड्रोजनचे जड अणू बसवून ओळखीची खूण केलेले तेच औषध शिरेतून दिले. खुणेच्या औषधावरून रिकामे करणाऱ्या नळाचा हिशेब लागला, आणि त्यावरून भरणाऱ्या नळाचा. असे आढळले की शोषण दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा झपाट्याचा. त्यातील निम्मे औषध दहा मिनिटांच्या आत रक्तात जाते. दुसरा टप्पा संथ. लिग्नोकेनच्या बाबतीत त्यातील निम्मे जाण्यास सुमारे दीड तास, तर बुपिव्हकेनच्या बाबतीत सुमारे सहा तास लागतात. बुपिव्हकेन स्निग्धाशी अधिक सलगी करणारे औषध आहे. मीठ पाण्यात विरघळून जाते, पण लोणच्याच्या तेलात उतरलेला हिंगाचा वास महिनोन् महिने टिकतो, तसे हे चरबीत मुरते आणि सावकाश सुटते. आमच्या भगिनींच्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते.

उरलेले अर्धे उत्तर बाटलीत आहे. ही औषधे मुळात अल्कधर्मी आणि पाण्यात सहज न विरघळणारी असतात. म्हणून ती हायड्रोक्लोराइड क्षाराच्या रूपात, आम्ल द्रावणात ठेवतात. द्रावणात औषधाचे रेणू दोन रूपांत असतात : काही विद्युत्भारित, काही भाररहित. मज्जातंतूचे स्निग्ध कवच भेदून आत जाणे केवळ भाररहित रेणूला साधते. गंमत अशी, की आत गेल्यावर वेदनेची वाट अडविण्याचे, म्हणजे सोडियमची द्वारे बंद करण्याचे, काम मुख्यतः भारित रूप करते. एकच पात्र दारात एका वेषात यावे आणि आत दुसऱ्या वेषात काम करावे, असा हा प्रकार आहे. शरीराच्या नेहमीच्या स्थितीत लिग्नोकेनचे सुमारे एकचतुर्थांश रेणू भाररहित असतात. बाटलीतील साध्या द्रावणात ते शेकडा चारच्या आसपास असतात; आणि अ‍ॅड्रेनलिन मिसळून तयार विकल्या जाणाऱ्या, अधिक आम्ल द्रावणात तर दहा हजारांत चार इतकेही कमी असू शकतात. ऊतींनी हे आम्ल शमविल्याशिवाय औषधाचा गुण येत नाही. पू झालेल्या दाढेपाशी इंजेक्शन लागू पडत नाही याचे एक कारण हेच : तेथील ऊती स्वतःच आम्ल झालेल्या असतात. यावर उपाय म्हणून लिग्नोकेनमध्ये देण्यापूर्वी थोडे सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपल्या खाण्याच्या सोड्याचेच निर्जंतुक द्रावण, मिसळतात. त्यामुळे भाररहित रेणू वाढतात आणि बधिरता लवकर येते. तातडीच्या सिझेरियनमध्ये वाचलेली काही मिनिटे मोलाची ठरतात. तथापि हेच बायकार्बोनेट बुपिव्हकेनमध्ये अंमळ अधिक पडले तर औषध साक्याच्या रूपाने तळाशी बसते. एका औषधाचे अनुपान दुसऱ्यास चालेलच असे नाही.

अनुपानांत सर्वांत प्रसिद्ध म्हणजे अ‍ॅड्रेनलिन. हाइनरिख ब्राउन या जर्मन शल्यवैद्याने विसाव्या शतकाच्या आरंभी ते कोकेनच्या जोडीला वापरले. अ‍ॅड्रेनलिन त्या जागच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. कालव्याचे दार अर्धे लोटून घ्यावे तसे रक्ताचा ओघ मंदावतो, औषध तेथेच अधिक काळ रेंगाळते, आणि रक्तात ते एकदम उसळत नाही. हे प्रमाण किती अल्प असते पाहा : दोन लाखांत एक, म्हणजे एक ग्रॅम अ‍ॅड्रेनलिन दोनशे लिटर पाण्यात. तरीही परिणाम केवढा! पाठ्यग्रंथांतून लिग्नोकेनची रूढ कमाल मर्यादा नुसते दिल्यास शरीराच्या दर किलोमागे सुमारे साडेचार मिलिग्रॅम, आणि अ‍ॅड्रेनलिनसह दिल्यास सात मिलिग्रॅम अशी दिलेली आढळते. साठ किलो वजनाच्या व्यक्तीस दोन टक्क्यांचे वीस मिलिलिटर दिले, तर औषध होते ४०० मिलिग्रॅम. अ‍ॅड्रेनलिनसह मर्यादा ४२० मिलिग्रॅम, नुसत्याची २७०. तीच व्यक्ती, तीच सुई, तितकेच औषध. परंतु एका अनुपानाने ते मर्यादेच्या आत, आणि त्याच्यावाचून मर्यादेबाहेर!

पण येथेही सरसकट नियम नाही. अ‍ॅड्रेनलिनचा हा लाभ लिग्नोकेनला ठळकपणे मिळतो. बुपिव्हकेन मुळातच चरबीत मुरत असल्याने त्याला कमी मिळतो. आणि नंतर आलेले रोपिव्हकेन स्वतःच रक्तवाहिन्या किंचित आकुंचित करीत असल्याने त्याला फारसा मिळत नाही. शिवाय अ‍ॅड्रेनलिनही रक्तात शिरते व हृदयाची गती वाढविते. रक्तदाब फार वाढलेल्या किंवा हृदयविकार असलेल्या रुग्णात त्याचा विचार जपून करावा लागतो. त्याच्या या दोषाचाच डॉक्टरांनी गुण करून घेतला आहे. मुख्य मात्रेपूर्वी अ‍ॅड्रेनलिनयुक्त औषधाची अगदी थोडी चाचणी-मात्रा देतात. नळी चुकून शिरेत गेली असेल तर मिनिटाभरात नाडी झपाट्याने वाढते आणि धोका वेळीच कळतो.

औषधाच्या जोडीदाराचा विचार किती सावधपणे करावा लागतो, याचा एक धडा आपल्या हैदराबादच्या इतिहासातही आहे. क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो श्वास थांबल्याने की हृदय थांबल्याने, हे ठरविण्यासाठी एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ साली येथे दोन आयोग बसले. दुसऱ्याचा खर्च निजाम महबूब अली खान यांनी उचलला आणि लंडनहून लॉडर ब्रन्टन यांना पाचारण केले. श्वास आधी थांबतो, असा निष्कर्ष निघाला. परंतु १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांत दाखविले की हलक्या क्लोरोफॉर्मच्या अंमलात अ‍ॅड्रेनलिन उसळले तर हृदय एकाएकी बंद पडू शकते. जे अ‍ॅड्रेनलिन लिग्नोकेनचा रक्षक, तेच क्लोरोफॉर्मच्या सोबतीला घातक.

औषधाच्या तीव्रतेचा धडा याहून महाग पडला. बुपिव्हकेनचा दीर्घ गुण पाहून प्रसूतीसाठी त्याचे ०.७५ टक्क्यांचे तीव्र द्रावण वापरात आले. १९७९ साली अमेरिकेतील जॉर्ज ऑलब्राइट यांनी, अशा औषधांच्या इंजेक्शनानंतर हृदय थांबून ते पुन्हा सुरू होणे कठीण गेल्याच्या घटनांकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत हा धोका विशेष. गर्भाशयाचा भार पोटातील मोठ्या शिरेवर पडल्याने रक्त पाठीतील शिरांकडे वळते, त्या फुगतात, आणि सुई किंवा नळी त्यांत शिरण्याचा संभव वाढतो. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत ते तीव्र द्रावण प्रसूतीसाठी बंद झाले.

पुढे वाट उलट दिशेने गेली. द्रावण सौम्य करावे, एका दशांश टक्क्याइतके किंवा त्याहूनही पातळ, आणि त्याच्या जोडीला फेन्टॅनिल हे अफूच्या वर्गातील औषध अत्यल्प घालावे, अशी रीत प्रसूतिगृहांतून रूढ झाली. दोघे मिळून वेदना शमवितात, पण स्नायूंचे बळ बरेचसे राहते आणि रक्तात जाणारे औषधही कमी होते. २००१ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, जुन्या तीव्र द्रावणापेक्षा अशा सौम्य मिश्रणाने अधिक स्त्रियांची प्रसूती चिमट्यांवाचून, नैसर्गिकपणे झाल्याचे दिसले. बाळाविषयीच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. आईच्या रक्तात जे उतरते त्याचा काही अंश वारेतून बाळाकडे जातो. म्हणून आईच्या रक्तातील पातळी कमी ठेवणे यात बाळाचेही हित आहे.

स्निग्धतेची कथा मात्र येथे संपत नाही. औषध चरबीच्या सूक्ष्म थेंबांत कोंडून दिले तर ते आणखी सावकाश सुटेल, या विचारातून मधाच्या पोळ्यासारखे असंख्य कप्पे असलेले स्निग्ध कण तयार झाले. अशा बुपिव्हकेनला अमेरिकेत २०११ साली शस्त्रक्रियेच्या जखमेभोवती टोचण्यासाठी मान्यता मिळाली. ते एपिड्युरल जागेसाठी मात्र संमत नाही. दुसरीकडे, १९९८ साली गाय वाइनबर्ग यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखविले की बुपिव्हकेनची विषबाधा झाल्यास शिरेतून स्निग्ध द्रव दिल्याने प्राण वाचू शकतात. २००६ साली हा उपाय मनुष्यावर यशस्वी झाल्याचे प्रसिद्ध झाले. सोयाबीनच्या तेलाचे हे दुधासारखे द्रावण आज अनेक शस्त्रक्रियागृहांत हाताशी ठेवतात. पाठीतली चरबी औषधाला धरून ठेवते, तसेच रक्तातला हा स्नेह त्याला हृदयापासून दूर ओढून नेतो.

सांसारिक वाचकाने यातून काय घ्यावे? प्रथम, निष्कारण भीती टाकावी. एपिड्युरलने पाठ जन्माची दुखते, ही समजूत अभ्यासांतून खरी ठरलेली नाही. टोचल्या जागी काही दिवस दुखणे, किंवा आवरणास छिद्र पडल्यास डोके दुखणे, हे मात्र घडू शकते आणि त्यावर उपचार आहेत. दुसरे, भूलतज्ज्ञांपासून काही लपवू नये. नेमके वजन, हृदयाचा वा यकृताचा विकार, रक्तदाबाची आणि विशेषतः रक्त पातळ करणारी औषधे, पूर्वी आलेली वावडी, हे सारे विचारण्याआधीच सांगावे. मात्रा आणि अनुपान यांचा निर्णय त्यावर होतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. औषध रक्तात नको तितके उतरू लागले की त्याची वर्दी बहुधा रुग्णालाच प्रथम मिळते : जिभेवर धातूची चव येते, ओठांभोवती मुंग्या येतात, कानांत आवाज घुमतो, डोके हलके होते. झटके आणि हृदयाचा बिघाड बहुधा त्यानंतरचे. रुग्ण जागा असल्याचा हा मोठा लाभ आहे. पण तो बोलला तरच. आणि आपल्या घरांतील रीत अशी, की प्रसूतीच्या खोलीत शिरणाऱ्या मुलीस वडीलधाऱ्या बायका पहिला उपदेश करतात तो सोसण्याचा. ‘ओरडू नकोस, आम्हीही सोसले आहे.’ हा उपदेश मायेचाच असतो, परंतु ओठांना मुंग्या येत असूनही एखादी सून संकोचाने गप्प राहिली, तर तो संकोच तिच्या जिवावर बेतू शकतो. यास्तव वडीलधाऱ्यांनी आता तिला निराळे सांगून आत पाठवावे : काहीही वेगळे वाटले तर डॉक्टरांना तत्काळ, मोठ्याने सांग.